उपवासाचे सहा किलो

हॅलो?

हॅलो… हो, मीच. एव्हान्थियाच बोलतेय. आवाज? आवाजाला काय झालंय… बरा आहे की आवाज.

नाही, अजून आतच आहे तो. … पोलिक्सेनी, तुझ्या भावाला बाहेर आणला असता तर मी तुला फोन केला नसता का? सकाळी आठला नेला. आता… थांब, समोर घड्याळ आहे… साडेबारा. तिकडे साडेअकरा ना? हो, तेच. तुमचं स्टुटगार्ट घड्याळात तेवढं आमच्या मागे, बाकी सगळ्यात पुढे.

खाल्लं. हो गं, खाल्लं. इथे शेजारी एक बाई बसलीय, किल्किस गावची. तिच्या नवऱ्याचं पित्ताशय काढतायत. ती डबा उघडा ठेवूनच बसलीय, जो येईल त्याला वाढते. मला पालक आणि चीज भरून भाजलेली पोळी दिली, ही एवढी. मी सगळी संपवली. … कशी होती? … काय माहीत. खाल्ली एवढं आठवतंय. हातात कागद तेवढा उरलाय.

आहे, सगळं माझ्याकडेच आहे. पर्समध्ये. चष्मा, खालचे दात, अंगठी. अंगठीचे दोन तुकडे. … कापली. बोटातून निघेचना. आधी नर्सने साबण लावला, मग तेल लावलं, मग एक छोटंसं करवतीसारखं काहीतरी घेऊन आली. तेहेतीस वर्षांची अंगठी, आणि दोन मिनिटं लागली नाहीत. … नाही गं, त्याला कुठलं वाईट वाटतंय. तो हसला. म्हणाला, घे एव्हान्थिया, सुटलीस. … मी? मी तुकडे रुमालात बांधले.

हो… हो, ऐकतेय.

नाही, ते तुझ्या शेजारणीच्या नवऱ्याचं वेगळं. तो काडी पैलवान. हाताच्या बोटांनी बरगड्या मोजाव्यात तसा. त्याच्या पोटात रोबो काय आणि कोण काय, आरामात फिरेल. आपल्या आर्गिरिसचं पोट म्हणजे… तुला माहीत आहे की. एकशे तेहेतीस किलो. … म्हणजे तेव्हा. तेव्हा एकशे तेहेतीस.

अगं ऐक ना… ऐक. मधे बोलू नकोस, मला एकदा सांगून टाकू दे. अकराला एक नर्स बाहेर आली होती. म्हणाली, दुर्बिणीतून जमत नाहीये. पोट उघडतायत.

हो.

हो, उघडलं. आत्तापर्यंत उघडलंच असेल.

दीड तास झाला. … नाही केला तुला फोन. काय सांगणार होते? … हो, तेच सांगायला हवं होतं. चुकलं माझं. फोन हातातच होता. मी त्या पोळीवर तीळ होते ते वेचत बसले होते.

का म्हणजे? जागा नाही म्हणाली आत. … असं बघ, चार छोटी भोकं पाडतात, पोटात हवा भरतात, म्हणजे पोट फुगतं आणि कॅमेऱ्याला आतलं दिसतं. मग ते टेबल तिरकं करतात, डोकं खाली, पाय वर. का, तर आतडी सगळी छातीकडे घरंगळतात आणि खाली, आतड्याच्या टोकाशी जिथे त्याची गाठ आहे, तिथे हात… म्हणजे हत्यारं घालायला मोकळं होतं. आता त्याचं काय, टेबल तिरकं केलं की ते सगळं ओझं फुप्फुसांवर. श्वास दबला. भूल देणारी बाई म्हणाली, सरळ करा. सरळ केलं की खालचं दिसेना. परत तिरकं, परत श्वास. असं तीनदा केलं म्हणे. आणि आतली चरबी. बाहेर दिसते ती नव्हे, आतड्यांभोवतीची. ती बाजूला सारली तरी सारखी पुढे येते. शेवटी म्हणाले, पुरे, उघडा.

मला सगळं पाठ आहे. तिने एकदाच सांगितलं आणि पाठ झालं. बाजाराची यादी पाठ होते तसं.

हं. … हं. … मला वाटलंच होतं तू हे म्हणशील.

मग पहिल्यापासून उघडूनच करायचं होतं, डोळ्यांनी बघून, स्वच्छ. असंच ना? तुला काय वाटतं, आम्ही विचारलं नसेल? डॉक्टर कारादिमासांनी फेब्रुवारीतच समोर बसवून सांगितलं होतं. कॅन्सर दोन्ही पद्धतींनी सारखाच निघतो, त्यात कमी-जास्त नाही. फरक नंतरचा. जाड्या माणसाचं पोट एवढं उघडलं की जखम चिघळते, टाके सुटतात, पुढे तिथून आतडं बाहेर फुगतं. दुर्बिणीतून केलं तर दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात. पण जाड्या माणसात दुर्बीण चालवणं त्यांना जड जातं, आणि अर्ध्यावर उघडायची वेळ येऊ शकते. दोन्ही सांगितलं त्यांनी. लपवलं काहीच नाही. म्हणाले, मला दुर्बिणीतून करायला आवडेल, पण ठरवा तुम्ही. आणि तुझा भाऊ काय म्हणाला असेल? … हो! "हिला विचारा." तेहेतीस वर्षं सगळ्याला तेच. पडदे कुठले, हिला विचारा. पोट कसं कापायचं, हिला विचारा.

मी म्हटलं, दुर्बीण.

का म्हटलं? तू मला विचारतेस का म्हटलं? तुझ्या बाबांचं पोट उघडलं होतं ते आठवतं? … तू चार दिवस आली होतीस. फुलं घेऊन. पाचव्या दिवशी गेलीस, आणि जखम सहाव्या दिवशी फुटली. अकरा आठवडे, पोलिक्सेनी. सकाळ-संध्याकाळ मी त्यात पट्टी भरायची आणि पुवाने भिजलेली काढायची. मागच्या खोलीची खिडकी आम्ही डिसेंबरात उघडी ठेवायचो वासामुळे. ते आजाराने नाही गेले, जखमेने गेले. तेही असेच होते, एकशे वीसचे. … नाही, तुला बोल लावत नाहीये. तू तिकडे कारखान्यात होतीस, तुला सुट्टी नव्हती, माहीत आहे मला. मी फक्त का म्हटलं ते सांगतेय. ती पट्टी मला परत भरायची नव्हती. एवढंच.

आणि आता भरायचीच आहे बहुतेक.

नाही, रडत नाहीये. खरंच नाही. तूच रडतेयस. नाक पूस.

हो… ते पण सांगायचंय तुला. … वजनाचं.

दर रविवारी तू विचारायचीस ना, किती उतरलं, आणि मी म्हणायची, उतरतंय हळूहळू. … उतरत नव्हतं. … अगं थांब, ऐक तरी. डॉक्टरांनी आठ किलो सांगितले होते. रेडिएशन संपल्यावर आठ आठवडे थांबायचं असतं, गाठ आकसायला. तेवढ्यात आठ किलो उतरवा, म्हणाले, पोटात मला जागा करून द्या. कागदच दिला होता. कोंबडी, मासे, अंडी, दही, हिरव्या भाज्या. ब्रेड बंद, बटाटा बंद, गोड बंद. तो कागद मी फ्रिजवर लावला. आणि कॅलेंडर बघितलं तर ते आठ आठवडे म्हणजे बरोबर ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास.

हो. … हो, तेच. कळलं ना तुला. जर्मनीत राहून विसरली नाहीस म्हणजे.

पाद्रीबाबांना विचारलं की. ते तर घरी येऊन सांगून गेले, आजाऱ्याला उपवास नाही, डॉक्टर सांगतील ते खा, पाप लागलंच तर माझ्या माथी. पण तुझा भाऊ ऐकतोय? बेचाळीस वर्षं चर्चमध्ये उभा राहून गातोय, उपवासाच्या दिवसांत कोंबडी खाईल? म्हणाला, एव्हान्थिया, मी ज्या तोंडाने गातो त्या तोंडाने खाऊ कसा? यंदा तर गायला गेलाही नाही. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून, पुस्तक न उघडता, संध्याकाळची सगळी स्तोत्रं म्हणायचा. मी भांडी घासायची आणि तो म्हणायचा.

नाही, त्याच्यावर ढकलत नाहीये. उलट सांगतेय. मीच म्हटलं. आपणहून. मी म्हटलं, कसलं घेऊन बसलास डॉक्टरचं डाएट, आपला उपवास त्याहून कडक आहे. मांस नाही, मासे नाहीत, दूध नाही, अंडं नाही. आता माणसाने आणखी सोडायचं तरी काय? मला वाटलं, आठ काय, दहा किलो उतरतील. देवाचंही होईल आणि डॉक्टरचंही. फार हुशार वाटलं मला स्वतःला.

काय म्हणजे? तेच, जे उपवासाला असतं. ओव्हनमधले मोठे घेवडे. बटाटे. द्राक्षाच्या पानांत भात. पालक-भात. तिळाचा हलवा, तो तर उपवासाचाच. आणि ब्रेड. आता ब्रेडला कोण धरतं. … तेल उपवासात शनिवार-रविवारीच चालतं. पण मग आठवडाभराचं तेल मी शनिवार-रविवारी घालायची. … हसू नकोस. … हस, हस. मीही सांगताना हसले असते. रात्री त्याला भूक लागायची, रेडिएशनने तोंड कडू झालेलं, बिचारा "नको नको" म्हणायचा. मीच ब्रेडवर तिळाचं लोणी आणि वर मध घालून पुढे करायची. खा म्हणायची, उपवासाचंच आहे.

सहा किलो. … नाही गं, कमी नाही. जास्त. वाढले. एकशे एकोणचाळीस.

हं.

गेल्या गुरुवारी वजन केलं इथे. डॉक्टर काट्याकडे बघत राहिले आणि मी जमिनीकडे. मग मला म्हणाले, तुम्ही जरा बाहेर बसा. त्याच्याशी एकट्याशी दहा मिनिटं बोलले. काय बोलले देव जाणे. बाहेर आला तो माझ्या खांद्यावर हात टाकून, म्हणाला, चल, ठरल्याप्रमाणेच करतायत, आधी दुर्बीण, नाही जमलं तर उघडतील. मी विचारलं, ओरडले का तुला? तर म्हणाला, भूक लागलीय, घरी चल.

नाही, मी डॉक्टरांना काही बोलले नाही. लाज वाटली. म्हणजे वाटायला हवी होती, म्हणून बोलले नाही. खरं सांगू, मला काही वाटतच नाहीये हल्ली. तुला एक सांगते. ईस्टरच्या आदल्या शनिवारी कोकराची आतडी आणली. हो, दरवर्षीसारखीच, रात्रीच्या सूपला. तो म्हणाला, आण, उपवास सोडायला दुसरं काय करणार. मी बेसिनपाशी उभी राहून धुवायला घेतली. काडी घालून उलटी केली, मीठ लावलं, लिंबू लावलं, परत धुतली. वीतभर, वीतभर, करत करत. आणि मागे तो बसलेला, टेबलाशी, त्याच्या पोटात तो… ते तसलं. मला वाटलं, आता मला काहीतरी होईल. ओकारी येईल, नाहीतर हात थांबतील. काही नाही झालं. नळ चालू, आतडं हातात, आणि मी मनात म्हणतेय, लिंबं संपत आली, सोमवारी आणायला हवीत.

त्याने? दोन वाट्या खाल्लं. म्हणाला, यंदा छान झालंय.

अगं, तू कशाला एवढी रडतेस…

हो.

हो, मीच.

म्हण ना. मनात आहे तर म्हणून टाक. …

बरं. म्हणालीस. बरं झालं. … नाही, मागे घेऊ नकोस, तुझा भाऊ आहे तो, तुला हक्क आहे. "उपवासाने मारलंस त्याला." मी हेच वाक्य सकाळपासून ऐकतेय, तुझ्या तोंडून ऐकलं एवढंच. राग? नाही आला. काही येतच नाही गं. हात चिमटून बघितला मघाशी. दुखलं, पण दुसऱ्या कुणाचं तरी दुखल्यासारखं.

थांब. … थांब, दार उघडलं. हिरवे कपडे… नाही, हे त्या किल्किसवाल्या बाईचे… नाही, माझ्याकडेच येतायत. कारादिमासच आहेत. पोलिक्सेनी, ठेवू नकोस. अशीच राहा. ठेवू नकोस हं.

डॉक्टर. … नाही, उभीच बरी आहे. … हो. … हो. … गाठ निघाली? पूर्ण? … कडाही स्वच्छ. बरं. … आणि श्वास? … म्हणजे आता स्वतःचा घेतोय. … पिशवी. हो, ते तुम्ही आधीच सांगितलं होतं, तीन महिने. … केवढी जखम? … एवढी. … डॉक्टर, त्याच्या वडिलांची… हो, सांगितलं होतं ना मी. … पू ओढून घेणारी पट्टी? म्हणजे यंत्राने? आणि ती मी नाही भरायची? … तुमच्या नर्स बघतील. बरं. … नाही, हमी नको मागत. कळतंय मला. बारीक नजर ठेवणार, एवढं पुरे.

डॉक्टर, एक मिनिट. मला एक सांगायचं होतं. ते वजन. ते सहा किलो. ते त्याच्यामुळे नाही, मी… … काय? …

कुणी सांगितलं तुम्हाला? …

त्याने? …

हो. … हो डॉक्टर. … नाही. नाही, रागवणार नाही त्याला. … हो, कळू देणार नाही. … दोन तासांनी. काचेतून. बरं. … हो. देव तुमचं भलं करो.

…

हॅलो. आहेस? … हो, ऐकलंस ना तू? जिवंत आहे. गाठ पूर्ण निघाली. पोट एवढं उघडलंय, छातीखालपासून पार खालपर्यंत. शौचासाठी पोटावर पिशवी लावलीय, पण तीन महिन्यांनी काढतील. जखमेचं आता दहा-पंधरा दिवस बघायचं, चिघळेलही कदाचित, नाही म्हणाले नाहीत. … हो, अतिदक्षता विभागात नेतायत. दोन तासांनी बघायला देतील. … हो, रड तू. रड.

शेवटी? शेवटी ते…

सांगते. थांब, मला जरा बसू दे.

ते म्हणाले, बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गुरुवारी त्याने मला सगळं कबूल केलंय. तुम्ही कागदाप्रमाणे उकडलेली कोंबडी आणि भाज्या शिजवत होतात, हे मला माहीत आहे. तोच रोज दुपारी, तुम्ही झोपलात की, गुपचूप खाली उतरून कोपऱ्यावरच्या दुकानात क्रीमच्या पेस्ट्र्या खायचा. दोन-दोन, तीन-तीन. डोळ्यांत पाणी आणून सांगितलं म्हणे. म्हणाला, डॉक्टर, काय ओरडायचं ते मला ओरडा, बायकोला बोलू नका, तिने आठ आठवडे जिवाचं रान केलंय. आणि हे तिला कळू देऊ नका.

नाही गं, कुठली पेस्ट्री…

अगं तो? मोठ्या उपवासात क्रीम? गोळी घ्यायला दूध दिलं तर पेला परत केला त्याने. पाण्याबरोबर घेतली आणि घशात अडकली तरी दूध नाही घेतलं. आयुष्यात एकदा उपवास मोडला नाही त्याने, सैन्यात असतानासुद्धा नाही. आणि परक्या माणसासमोर म्हणाला की मोडला. रोज मोडला.

आणि खाली जाईलच कसा, पोलिक्सेनी? वाकता येतं का त्याला? बूट मीच घालते त्याच्या पायात. रोज मीच घालते, मीच काढते. आठ आठवडे.

…

हो, आहे. … हो, आता आलं रडू. … ठेवते मी. तू नको बोलूस काही. ठेवते गं.